तुटलेली तार जोडायला शिकू या



गेल्या खेपेस आपण भातावरच्या करप्याविषयी बोललो. या खेपेस पीक थोडे बाजूला ठेवू. हळवी भाते पिवळी पडू लागली आहेत, गरव्यांची निसवण चालू आहे, आणि कापणीला हात लागेपर्यंत संध्याकाळचा तासभर मोकळा मिळतो. त्या तासात घरबसल्या शिकता येईल असे एक काम आज सांगणार आहे. तुटलेली तार डाख देऊन जोडायची, आणि ते जमले की त्याच हातोटीवर एखादे उपयोगाचे छोटे यंत्र घरी तयार करायचे. बाजारात या कामाला सोल्डरिंग म्हणतात.

कृषी विस्तार अधिकाऱ्याने तारा जोडायच्या गोष्टी का सांगाव्यात, असे कोणी विचारील. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणारे एक वयस्क शेतकरी आहेत. मी त्यांना काका म्हणतो. चैत्राचे दिवस होते. मी शिवारात गेलो असता त्यांनी हातातली बॅटरी माझ्यापुढे धरली. म्हणाले, ‘‘साहेब, ही लागत नाय. चार्जिंगला लावली तर लाल दिवा दिसतो, पण उजेड पडत नाय. बघता का जरा?’’ मी ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळले. मी म्हणालो, ‘‘काका, टाकून द्या. दीडशे रुपयांत नवी मिळते.’’ काका हसून ‘‘बरं’’ म्हणाले.

नवी आणायला बाजाराला जाण्याची त्यांना सवड झाली नाही. तीन दिवसांनी रात्री पाण्याची पाळी आली. काका अंधारातच, अनवाणी, बांधावरून गेले आणि मोरीपाशी घोणशीवर त्यांचा पाय पडला.

वाडीतल्या पोरांनी शहाणपणा केला. ना कापाकापी, ना आवळून बांधणे, ना मांत्रिक. काकांना मोटारसायकलवर मध्ये बसवले आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. सर्पदंशावरची लस मिळाली, म्हणून काका वाचले. पण पायाची जखम भरायला पावसाळा उजाडला. त्या वर्षीची त्यांची आवणी शेजाऱ्यांनी काढली.

मी भेटायला गेलो तेव्हा ती बॅटरी तशीच खुंटीला लटकत होती. मी चार स्क्रू काढून उघडली. दिव्याच्या पट्टीवरची लाल तार आपल्या जागेवरून निसटली होती, एवढेच. तांदळाच्या दाण्याएवढ्या डाखेचे काम! आणि ते मला येत नव्हते. मी शेतीचा पदवीधर. मातीचा सामू सांगतो, खताचा हिशेब काढून देतो. पण एक तार जोडता येत नव्हती, म्हणून मी ‘‘टाकून द्या’’ म्हणून मोकळा झालो होतो. त्याच महिन्यात मी हे काम शिकायला लागलो.

विजेच्या माहेरची आपण माणसे

आपले तालुके म्हणजे विजेचे माहेर आहे, हे पोरांना सांगत जा. खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या बाजूला तळी बांधली, तिथले पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली आणले आणि त्यावर केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र चालू झाले. खोपोलीचे पाणी वीज देऊन पाताळगंगेत उतरते आणि भिवपुरीचे पाणी राजनाल्याने आपल्या शेतांत येते. म्हणजे जे पाणी मुंबईला उजेड देऊन आले, तेच पाणी खाचरात घ्यायला काका अंधारातून निघाले होते.

घराघरांत आज विजेवरच्या दहा वस्तू आहेत. त्यांतली एक बंद पडली की आपण ती माळ्यावर टाकतो किंवा भंगारवाल्याला देतो. मी जेवढ्या बंद बॅटऱ्या उघडून पाहिल्या, त्यांतल्या कितीतरींची नुसती तार निघालेली होती किंवा बटणाचा सांधा सुटला होता. दुरुस्तीला न्यायची तर एक दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे कोणी नेत नाही. हा सांधा घरात एकाला जरी देता आला, तरी खूप झाले.

कल्हई आठवते ना?

सोल्डरिंग हे काम आपल्याला परके नाही. पूर्वी गावात कल्हईवाला येई. तो पितळेचे पातेले भात्यावर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची काडी टेकवून कापसाने फिरवली की पातेले चांदीसारखे चमकायचे. त्यात तीन गोष्टी होत्या. पातेले तापलेले हवे, ते स्वच्छ हवे, आणि मगच कथील पसरते. थंड किंवा मळकट भांड्याला कथील धरत नाही.

तारेचेही अगदी तसेच. इथे भात्याच्या जागी विजेवर तापणारे सोल्डरिंग आयर्न, नवसागराच्या जागी राळ, आणि कथलाच्या काडीच्या जागी सोल्डरची तार. ही तार बहुधा साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांची असते. नुसते कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, नुसते शिसे ३२७ अंशांना. पण दोन्ही एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागते. म्हणून ते लहान आयर्नवर चटकन पाणी होते. तारेच्या पोटात राळ आधीच भरलेली असते, ती तापल्यावर तांब्यावरचा मळ काढते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या सोल्डरमध्ये शिसे असते आणि शिसे पोटात गेले तर विष आहे, मुलांना तर फारच. म्हणून या सोल्डरने पाण्याची कळशी, पातेले, दुधाची किटली कधीही जोडू नका. भांड्यांना शुद्ध कथलाची कल्हईच हवी.

काय काय आणावे

सामान थोडेच लागते आणि सुरुवातीचे सगळे मिळून हजार रुपयांच्या आत बसते.

एक, २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न. शक्यतो तीन पिनांचे घ्या, म्हणजे अर्थिंग मिळते. फार मोठे आयर्न नको, त्याने नाजूक भाग जळतात. दोन, आयर्न ठेवायचा तारेचा स्टँड. तो नसेल तर आयर्न चटईवर किंवा टेबलावर ठेवले जाते आणि घर जाळते. तीन, राळ भरलेल्या सोल्डरचे एक छोटे रीळ. चार, तार कापायची आणि सोलायची पक्कड. पाच, साधा मल्टीमीटर. वैद्याला जशी नाडी, तसा आपल्याला मल्टीमीटर. सेल जिवंत आहे का, तार मधे तुटली आहे का, हे तो सांगतो.

किरकोळ सामान आता मोठ्या गावांत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातही मिळते. जास्त हवे असेल तर कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडा, दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरा. पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड. सुट्या भागांची एवढी दुकाने दुसरीकडे क्वचित दिसतील. रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात, तेवढे पाहून निघा. पुण्याला जाणे होत असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे.

सरावासाठी मात्र काही विकत आणू नका. माळ्यावरचा बंद रेडिओ काढा. ज्या रेडिओला आपले वडील ‘ट्रान्झिस्टर’ म्हणत, त्याच्या पोटातला माल शिकायला सोन्यासारखा आहे.

हात धुवायचे, तंबाखू दूर ठेवायची

कामाला बसण्याआधी हे नियम घरात सगळ्यांना सांगा.

पहिला नियम, विजेचा. आपण जे शिकणार आहोत ते सगळे सेलवरचे काम आहे, दीड ते बारा व्होल्टचे. घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती माणूस मारते. भिंतीतला बोर्ड, मोटरचा स्टार्टर, मीटरची पेटी यांना हात लावायचा नाही. त्याला परवानाधारक वायरमनच हवा. आपले आयर्न तेवढे घरच्या विजेवर चालते. म्हणून त्याची वायर फाटकी नसावी, हात ओले नसावेत, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या जमिनीवर न बसता कोरड्या पाटावर बसावे. घरात अर्थगळती झाली की वीज तोडणारे यंत्र बसवलेले असेल तर फार चांगले. ३० मिलिॲम्पियरचे असे यंत्र वायरमनकडून बसवून घ्या. ते सगळ्या घरालाच राखते.

दुसरा नियम, तोंडाचा. सोल्डर हाताळताना खायचे नाही, विडी ओढायची नाही, तंबाखू मळायची नाही, मिश्री लावायची नाही. बोटांना लागलेले शिसे असेच पोटात जाते. काम झाले की साबणाने हात धुवायचे. स्वयंपाकघरात हे काम नको. पडवीत वाऱ्याला बसा, राळेचा धूर नाकात घेऊ नका. दमेकऱ्याने लांबच बसावे. घरात पोटुशी बाई असेल तर तिने हे काम करू नये, आणि रांगती मुले आसपास नकोत. मोठ्या मुलामुलींनी करायचे तर वडीलधारे शेजारी हवे.

तिसरा नियम, मी हात भाजून शिकलो. आयर्न हातातून निसटले तर पडू द्या! पडती वस्तू झेलायची आपल्या हाताला सवय असते. मी झेलले आणि आठ दिवस पेन धरता आले नाही.

पहिला धडा : दोन तारा जोडा

आयर्न तापायला पाच मिनिटे लावा. त्याच्या टोकाला बाजारात बिट म्हणतात. तापल्यावर बिट ओल्या फडक्याच्या घडीवर पुसा आणि लगेच थोडे सोल्डर चढवा. ही झाली बिटची कल्हई. ती नसेल तर उष्णता पुढे जात नाही आणि सोल्डर गोळा होऊन गळून पडते.

आता तांब्याच्या दोन तारांची टोके बोटभर सोला, एकमेकांत पीळ द्या. बिट तारेच्या खाली टेकवा, दोन आकडे मोजा आणि सोल्डर वरून तारेला लावा. बिटला नाही, तारेला! तार तापली असेल तर सोल्डर पाण्यासारखे पिळात शिरते. आधी सोल्डर काढा, मग बिट, आणि सांधा थंड होईपर्यंत हलवू नका, फुंकर मारू नका.

चांगला सांधा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, तारेचा आकार त्यातून कळतो. वाईट सांधा मळकट, दाणेदार, मातीच्या गोळ्यासारखा वर बसलेला असतो. त्याला मेकॅनिक लोक ड्राय सोल्डर म्हणतात. वरून जोडल्यासारखा दिसतो, पण आत जोडलेला नसतो. रोप नुसते चिखलावर ठेवले आणि मूळ आत गेले नाही, तर ते जसे तरंगते तसा. असे पन्नास सांधे करा. पहिले तीस वाईट होतील. माझे चाळीस झाले होते.

आणखी एक चूक सांगतो. मला सोल्डर नीट धरेना, म्हणून मी पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट आणून तारांना लावली. सांधे झकास बसले. महिन्याभरात सगळ्या तारा हिरव्या पडल्या आणि तुटल्या. तारांच्या कामाला राळच हवी. तसेच ॲल्युमिनियमच्या तारेला आणि स्टेनलेस स्टीलला हे सोल्डर धरत नाही. तिथे उगाच कष्ट घेऊ नका.

दुसरा धडा : एक दिवा लावा

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, त्याची टोपी, एक लाल एलईडी आणि ४७० ओहमचा एक रोधक, म्हणजेच रेझिस्टर, एवढे घ्या. रोधकावर रंगांचे पट्टे असतात. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०.

रोधक कशाला, ते सांगतो. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, ॲम्पियर म्हणजे नळीतून वाहणारे पाणी, आणि रोधक म्हणजे ठिबकची तोटी. उंच टाकीचे पाणी तोटी न लावता रोपावर सोडले तर रोप उपटून निघेल. लाल एलईडी आपल्यापाशी सुमारे दोन व्होल्ट राखतो. नवातून दोन गेले, राहिले सात. साताला ४७० ने भागले की सुमारे पंधरा हजारांश ॲम्पियर येते. एलईडीला एवढे पुरते. रोधक न लावता जोडलात तर एलईडी क्षणात जातो. एक मुद्दाम जाळून पाहा, दोन रुपयांत जन्मभराचा धडा मिळतो.

एलईडीचा लांब पाय धन बाजूचा. सेलची लाल तार रोधकाला, रोधकाचे दुसरे टोक लांब पायाला, आखूड पाय काळ्या तारेला. दिवा लागला की घरातल्या नववीतल्या मुलाला बोलवा आणि त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘धाराविद्युत’ हा धडा शेजारी उघडा. तोच ओहमचा नियम इथे डोळ्यांपुढे पेटलेला असतो.

तिसरा धडा : टाकीची घंटा

आता कामाची वस्तू करू. ज्यांच्याकडे वीज रात्रीच्या पाळीत येते, ते मोटर लावून झोपतात. टाकी भरते, वाहते, विहिरीचे पाणी आणि विजेचे बिल दोन्ही वाया जाते. टाकी भरली की वाजणारी घंटा आपण करू.

सामान : नऊ व्होल्टचा सेल, बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रोधक (तपकिरी, काळा, लाल), तीन ते चोवीस व्होल्टवर चालणारा छोटा बझर, छिद्रांची पट्टी, लांब तारा आणि स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू नटासकट.

ट्रान्झिस्टर हा तीन पायांचा काळा दाणा. त्याचे काम पाटाच्या मोरीसारखे आहे. मोरीची फळी दोन बोटे उचलली की पाट भरून पाणी सुटते. तसे मधल्या पायाला अगदी थोडी वीज मिळाली की बाकीच्या दोन पायांमधून तिच्या शंभरपट आणि जास्तही वीज वाहते. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून थोडीशी वीज जाते. ती थोडीशी वीजच आपण फळी उचलायला वापरणार.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरा. डावा कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. आता जोडणी अशी. एमिटर सेलच्या काळ्या तारेला. बझरची काळी तार कलेक्टरला, बझरची लाल तार सेलच्या लाल तारेला. बेसला रोधक लावा आणि रोधकाच्या दुसऱ्या टोकाला एक लांब तार. दुसरी लांब तार सेलच्या लाल तारेला. या दोन लांब तारांची टोके टाकीत जायची.

टोकांना स्टीलचे स्क्रू नटाने आवळून बसवा, कारण स्टीलला सोल्डर धरत नाही हे वर सांगितलेच आहे. उघडे तांबे पाण्यात ठेवू नका, ते झिजते आणि हिरवे होते. दोन्ही स्क्रू प्लास्टिकच्या पट्टीवर दोन बोटांच्या अंतराने बसवून, टाकीच्या काठाखाली वीतभर सोडा. सेल आणि बझर घरात, उशाशी. पाणी स्क्रूंपर्यंत चढले की घंटा वाजेल. पाणी खाली असेल तेव्हा सेल जवळजवळ खर्चच होत नाही.

वाजली नाही तर घाबरू नका. आधी दोन्ही स्क्रू एका चमच्याने जोडा. वाजली, तर जोडणी ठीक आहे आणि खोट पाण्यात आहे. पावसाचे पाणी क्षार नसल्याने वीज कमी नेते, तेव्हा स्क्रू जरा जवळ घ्या. चमच्यानेही वाजली नाही, तर ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे का पाहा. माझा उलटा बसला होता. त्यानंतर एकेक सांधा मल्टीमीटरने तपासा. खोट शोधायची अशी पद्धत एकदा अंगी बाणली की ती शेतातही कामाला येते. पीक पिवळे पडले की लगेच युरिया टाकणारा माणूस आणि घंटा वाजली नाही म्हणून फेकून देणारा माणूस, दोघांची चूक एकच. आधी कारण शोधा, मग उपाय.

एक ताकीद. हा दाणा फार तर शंभर हजारांश ॲम्पियर सोसतो. घंटेऐवजी त्यालाच मोटर बंद करायला लावू म्हणून कोणी तारा स्टार्टरकडे नेऊ नका. घंटा वाजली की उठून हाताने मोटर बंद करायची.

हे मुळीच करू नका

थोडे आले की हात शिवशिवतात. म्हणून बजावून सांगतो.

कोणतीही वस्तू उघडण्याआधी पिन बोर्डातून काढा. काही स्वस्त बॅटऱ्यांत घरची वीज सरळ आत आलेली असते. चार्जिंगची पिन लावून अशी बॅटरी उघडली तर आतल्या तारा जीव घेतील. मोबाईलचा चार्जर उघडू नका, पिन काढल्यावरही त्यातल्या एका भागात काही वेळ मोठा दाब साठून राहतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला तर हातच नको. मोबाईलच्या सेलवर किंवा लिथियमच्या गोल सेलवर थेट आयर्न टेकवू नका, तो पेट घेतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. डुकरे भात लोळवतात, मला ठाऊक आहे. डोंगराकडेच्या वाड्यांचे नुकसान मी स्वतः पाहिले आहे. पण कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडू नका. त्यात माणसे मेली आहेत, पहाटे परसाकडे निघालेली, गुरे शोधायला गेलेली. तो गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मेलेला माणूस बहुधा आपल्याच गावचा असतो. झटका देणारे मान्यताप्राप्त यंत्र वेगळे मिळते, तेच वापरावे.

हे कोणाला जमते?

‘‘आम्ही शाळा शिकलो नाही, आम्हाला कसे जमणार?’’ असे मला पुष्कळ जण विचारतात. त्यांना मी पाबळचे उदाहरण देतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात शास्त्रज्ञ होते. ते सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली खेड्यातली मुले तिथे प्रत्यक्ष काम करत वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, विजेची कामे शिकतात. हात चालू लागला की डोके मागोमाग चालते, हा तिथला अनुभव. कलबाग २००३ साली गेले, पण काम चालू आहे. मुंबईच्या आयआयटीनेही काही वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी सौर दिव्यांची मोठी योजना राबवली. त्यात महाराष्ट्रासह चार राज्यांत दहा लाख दिवे वाटले गेले. ते दिवे खेड्यांतल्याच लोकांनी शिकून जोडले.

आणि बायकांनी तर मुळीच मागे राहू नये. तांदळाच्या शेवया वळणारी, गजरा ओवणारी, गोधडीला बारीक टाका घालणारी बोटे सोल्डरिंगला पुरुषांपेक्षा लवकर बसतात. हे मी पाहून सांगतो.

कारण काकांच्या घरी आता हे काम त्यांची सून करते. मी कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून शिकलो आणि जे शिकलो ते काकांच्या पडवीत बसून गिरवत होतो. सूनबाई भाकऱ्या झाल्या की दारात उभ्या राहून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही तार थंड असतानाच सोल्डर लावता, म्हणून ते धरत नाय.’’ खरेच होते. मी आयर्न त्यांच्या हाती दिले. काकांच्या त्या बॅटरीची लाल तार त्यांनीच बसवली. आज वाडीतल्या बॅटऱ्या त्यांच्याकडे येतात. दहा रुपये घेतात, कोणी भाजी देते. पावसाळा लागण्याआधी त्या घरोघर निरोप धाडतात, बंद बॅटऱ्या आणून द्या म्हणून.

काका अजून रात्री पाण्याला जातात. पायात गमबूट, हातात काठी, आणि तीच जुनी बॅटरी. परवा मला पाहून त्यांनी ती भर दुपारी पेटवून दाखवली आणि म्हणाले, ‘‘साहेब, टाकून देऊ का?’’

मी काय बोलणार? चहा घेतला आणि निघालो.

तुम्हीही या आठवड्यात आपल्या घरची एक बंद वस्तू माळ्यावरून काढा. सेलवरची असावी, घरच्या विजेवरची नको. उघडा, बघा, तुटलेली तार शोधा. घंटा वाजली तर कळवा, नाही वाजली तर आवर्जून कळवा, काय जोडले तेही लिहा. पुढच्या अंकात कापणीनंतरच्या ओलीवर कडवा वाल कसा घ्यावा, ते पाहू.

तोवर रामराम. आणि रात्री बांधावर जाताना उजेड घेतल्याशिवाय जाऊ नका.